बंदुकीला लागणारे कारण

डिसेंबर २०१७ मध्ये मालेगावच्या एका पेट्रोल पंपावर बोलेरो आली, डिझेल भरले आणि पैसे न देताच निघाली. पंपावरच्या माणसाने हटकल्यावर त्याला शस्त्राचा धाक दाखवण्यात आला. त्याने पोलिसांना कळवले, नाकाबंदी लागली आणि मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडच्या टोलनाक्याजवळ गाडी अडवली गेली. आत पंचवीस रायफली, दीड डझनाहून अधिक रिव्हॉल्व्हर-पिस्तुले आणि चार हजारांहून जास्त काडतुसे निघाली. हा माल कुठल्या गावठी भट्टीतला नव्हता. उत्तर प्रदेशातल्या बांदा इथले परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचे दुकान फोडून तो आणला होता. चोरी होईपर्यंत त्यातली प्रत्येक नळी कायदेशीर होती.

कायदेशीर बंदुकांचे जग वेगळे आणि बेकायदा बंदुकांचे वेगळे, असे धरून आपण या विषयावर बोलतो. सभ्यांना परवाने द्या, गुंडांना आत टाका, एवढ्यावर चर्चा संपते. पण दुकान फोडले जाते, अंगरक्षकाचे पिस्तूल मालक वापरतो, घरातले भांडण विकोपाला जाते तेव्हा कपाटातले परवान्याचे शस्त्र बाहेर येते. म्हणून ‘परवाना कोणाला’ हा प्रश्न नुसत्या अर्जदाराच्या चारित्र्याचा राहत नाही. बंदूक त्याच्याकडे कशासाठी, कुठे आणि किती काळ राहणार, हेही विचारावे लागते. आपली व्यवस्था दारात उभ्या असलेल्या माणसाला बरेच प्रश्न विचारते आणि तो एकदा आत गेला की त्याला विसरते. माझी तक्रार या विसरण्याबद्दल आहे.

आधी कायदा पाहू, कारण त्याबद्दल ऐकीव माहितीच फार फिरते. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. एकवीस वर्षे पूर्ण नसलेल्याला शस्त्र बाळगता येत नाही. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा भोगून झाल्यावरही पाच वर्षे थांबावे लागते. मानसिक संतुलन ठीक नसेल, किंवा सार्वजनिक शांततेला बाधा येईल असे वाटले, तर परवाना नाकारता येतो. नाशिक शहरात हा निर्णय पोलीस आयुक्तांचा, शहराबाहेरच्या जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा. दोन्हीकडे पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. २०१६ पासून शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षणही आवश्यक झाले आहे, आणि प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला स्वतंत्र क्रमांक आहे.

कलम १३ मात्र फारसे कोणी वाचत नाही. नळी वीस इंचांपेक्षा आखूड नसलेली, आतून गुळगुळीत नळीची बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, अथवा पीक राखायला ठासणीची बंदूक मागितली, तर अन्य अपात्रता नसलेल्या नागरिकाला परवाना द्यायचा, असा तिथला रोख आहे. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा रायफल मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते आणि अधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते. थोडक्यात, लांब बंदूक लपवता येत नाही म्हणून ती सोपी आणि पिस्तूल कमरेला लपते म्हणून ते अवघड, असा हा शहाणा भेद आहे. प्रत्यक्षात दोन्ही अर्ज एकाच टेबलावरून, एकाच चौकशीतून जातात. कलम १४ मध्ये आणखी एक ओळ आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने त्याला परवाना नाकारता येणार नाही. ही ओळ लिहिणाऱ्याला आपला समाज चांगलाच ठाऊक असणार.

ती ओळ कुठून आली हे कळायला मागे जावे लागते. पूर्वी पोलिसांत नोकरी केलेल्या भागोजी नाईकांच्या भिल्लांशी सिन्नरजवळ नांदूर शिंगोटे इथे ऑक्टोबर १८५७ मध्ये चकमक झाली. तीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. पुढे १८५९ मध्ये भागोजी पडले. उत्तरेतल्या आणि इथल्या उठावांनंतर सरकारने मुलखातली शस्त्रे काढून घ्यायला सुरुवात केली. त्याचे पक्के रूप म्हणजे व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा शस्त्र कायदा. हिंदुस्थानी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपीयाला सूट. ज्याची राजनिष्ठा आणि मिळकत पटलेली त्याला मेहेरबानीने बंदूक मिळे. सरदार, वतनदार, रावबहादूर असे ते लोक. कलम १४ मधली ओळ या मेहेरबानीच्या परंपरेला दिलेले उत्तर आहे.

त्या कायद्याने कोणाला अडवले आणि कोणाला नाही, याचा नाशिकइतका ठळक दाखला दुसरीकडे क्वचितच सापडेल. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन ‘शारदा’ नाटकाला आला होता. बदली झालेल्या साहेबाला निरोप म्हणून तो प्रयोग ठेवला होता. अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. शस्त्र कायद्याला तोवर तीस वर्षे उलटून गेली होती. लंडनहून निघालेले पिस्तूल त्याच्या चाळणीतून सहज निसटले. सिन्नर-पेठच्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक त्या चाळणीतून सुटत नव्हती.

स्वातंत्र्याच्या चळवळीत हा कायदा अपमानाचे प्रतीक होता. खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात, अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याला इंग्रजी राजवटीतल्या सर्वांत काळ्या कृत्यांत बसवले होते. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. मग तो घटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तो घालण्याची दुरुस्ती मांडली, आणि डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. परकीय सरकारच्या काळात त्या मागणीला अर्थ होता, आता व्यक्तीच्या हक्कापेक्षा राज्याने हाक दिल्यावर शस्त्र उचलण्याचे कर्तव्य महत्त्वाचे, आणि असा हक्क सरसकट दिला तर तो ज्यांच्या हाती जाऊ नये त्यांच्याही हाती जाईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. १९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालाने शस्त्राला जगण्याच्या हक्काशी जोडून पाहिले; दोनच वर्षांत त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निकाल मोडीत काढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेताना सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क इथे नाही.

तेव्हा हक्काचा वाद मिटलेला आहे. परवानगी कोणत्या कारणाला मिळावी, एवढेच उरते. नेहमीची कारणे चार: जिवाची भीती, नोकरी, शेत आणि खेळ.

‘जिवाला धोका’ हे त्यातले सर्वांत सैल कारण. बांधकाम व्यावसायिक, सराफ, नगरसेवक, रोख रक्कम नेणारा व्यापारी, सगळे याच रकान्यात बसतात. त्यातल्या काहींची भीती खरी असते. पण धोका सिद्ध करायला धमकीची नोंद लागते, ती पोलिसांनी गांभीर्याने घ्यायला वजन लागते, आणि वजन असलेल्या माणसाचे वैरीही त्याच्याच व्यवहारातून आलेले असतात. भीतीचे खरे-खोटे ठरवणे कठीण असते. माणसाचे वजन मात्र लगेच दिसते. म्हणून परवाना पुष्कळदा वजनालाच मिळतो. मग तो लग्नात, वाढदिवसाच्या मिरवणुकीत, जमिनीच्या मोजणीच्या वेळी शर्टाच्या आडून दिसू लागतो. २०१९ च्या दुरुस्तीत हर्षाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड घालावा लागला, तो सरकारला उगीच सुचला नव्हता.

महाराष्ट्रातली गेल्या वीस वर्षांतली गाजलेली प्रकरणे आठवा. २२ एप्रिल २००६ ला वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचे होते. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या खोलीत, आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. आपल्या मुलाला मारहाण होत होती म्हणून झाडल्या, असे त्यांनी नंतर वृत्तवाहिनीला सांगितले. शस्त्र परवान्याचेच. त्याच वर्षी जुलैमध्ये मुळशीतल्या जमिनीच्या वादात एका वादग्रस्त प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या आईने शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवल्याची जुनी चित्रफीत बाहेर आली, आणि मग परवाना रद्द झाला. यातल्या कोणाचाही अर्ज ‘मला भावावर, प्रतिस्पर्ध्यावर, शेतकऱ्यावर रोखायची आहे’ असे म्हणत आलेला नसणार. अर्ज आला तो जिवाच्या भीतीचा. शस्त्र ज्याच्यावर रोखले गेले तो अर्जातला अज्ञात हल्लेखोर नव्हता, ओळखीचा माणूस होता.

बीडचे उदाहरण आणखी बोलके आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि त्यानंतर कोणीतरी साधा प्रश्न विचारला: या जिल्ह्यात शस्त्र परवाने किती? आकडा बाराशेच्या वर निघाला. छाननी सुरू झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. परवानाधारकांत गुन्हे नोंदलेले लोकही होते. त्या दिवशी सकाळी काही नवा कायदा आला नव्हता. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचे अधिकार कलम १७ मध्ये पहिल्यापासून आहेत. खून होईपर्यंत फाइल उघडली गेली नाही, एवढेच. आणि फाइल उघडून पोलिसांनी नकार दिला तरी गोष्ट संपत नाही. २०२५ मध्ये पुण्याच्या एका कुख्यात टोळीप्रमुखाच्या भावाला पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केल्याचे उघड झाले, आणि बराच गदारोळ झाला. जुन्या खटल्यांत तो निर्दोष सुटला आहे, हा मंत्र्यांचा बचाव होता. कायद्याच्या अक्षराला धरून तो चुकीचा नाही. पण निर्दोष सुटणे वेगळे आणि पिस्तुलाला सबळ कारण असणे वेगळे. पहिल्याने दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

नाशिकनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये घटना घडून गेल्यावरची अशी धावपळ पाहिली. गोळीबाराच्या घटनांनंतर पोलिसांनी वेगवेगळ्या पक्षांच्या स्थानिक पुढाऱ्यांना आणि त्यांच्या माणसांना उचलले आणि कॅमेऱ्यासमोर ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणायला लावले. लोकांनी चित्रफिती मिटक्या मारत पाहिल्या. मला त्या तमाशापेक्षा एक कंटाळवाणी यादी वाचायला आवडली असती: जिल्ह्यात सभ्य म्हणवणाऱ्या किती पुढाऱ्यांकडे परवाने आहेत आणि प्रत्येकाचे कारण काय.

नोकरीसाठी बंदूक मागणारा माणूस या शहरात पावलोपावली भेटतो. देवळाली आणि नाशिकरोड कॅम्प ही तोफखान्याची गावे. निवृत्त जवान इथेच स्थायिक होतात, आणि बँकेच्या, सराफी पेढीच्या, सातपूर-अंबडच्या कारखान्याच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहतात. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आहे. गल्लीतल्या पतसंस्थेला हा निवृत्त हवालदार. २०१६ च्या नियमांत सैन्यात, निमलष्करी दलांत किंवा पोलिसांत असलेले वा राहिलेले लोक साध्या शस्त्राच्या परवान्यासाठी विचारात घ्यायच्या यादीत आहेत, आणि ते योग्यच आहे. शस्त्राची शिस्त ज्याने वीस वर्षे पाळली त्याच्या हाती ते जास्त सुरक्षित, यात वाद नाही.

पण गोम पुढे आहे. परवाना त्या माणसाच्या वैयक्तिक नावावर असतो आणि नोकरी त्याच्या बंदुकीमुळे मिळते. ‘स्वतःची बंदूक असलेला गनमन पाहिजे’ अशी मागणी असली की तरुण पोरे बंदुकीसाठी परवाना नव्हे, पगारासाठी परवाना शोधू लागतात, आणि तो जिथे मिळेल तिथून आणतात. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या पावणेतीन लाखांहून अधिक परवान्यांची चौकशी सीबीआयला करावी लागली. शेजारच्या अहिल्यानगरातही बनावट परवान्यांवर सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे लोक पकडले गेले. आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना खून झाला, तेव्हा पोलिसांच्या सांगण्यानुसार मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला. ज्याला परवाना कधीच मिळाला नसता त्याने परवानाधारक माणूसच नोकरीला ठेवला. अशा रक्षकांचे शस्त्र त्यांच्या नावावर असण्यापेक्षा ड्युटीच्या जागेच्या नावावर असावे, पाळी संपली की तिथल्या तिजोरीत जावे. बँकेची चावी रात्री व्यवस्थापक घरी नेतो का?

१४ जून २०१९ ला उंटवाडीत सोनेतारण कंपनीच्या शाखेवर दरोडा पडला. धोक्याची घंटा वाजवणारा तरुण कर्मचारी गोळीला बळी पडला आणि दरोडेखोर दुचाकींवरून पळाले. असे काही घडले की सशस्त्र पहाऱ्याची मागणी वाढते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण त्या दिवशी दरोडेखोरांना सोने न घेता पळवून लावले ते घंटेने. दारात थरथरत्या हातांनी दोननळी बंदूक धरलेला साठीचा माणूस किती गोष्टी बदलू शकेल, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

शेतकऱ्याचे कारण सर्वांत जुने आणि सर्वांत दुर्लक्षित. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो, आणि नेमके तेव्हा रानडुकरे भातात असतील तर शेतकरी कपाळाला हात लावतो. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करू नका, छाननी समितीने एकेकाचा विचार करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात सांगितले आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांतही तेच आहे. तरी सरसकट हुकूम काढणे सोपे असते.

नाशिकमध्ये प्रश्न बिबट्याचा आहे. सिन्नर, निफाड, दिंडोरीचा ऊस बिबट्याला जंगलापेक्षा बरा वाटतो. तिथेच त्याची पिल्ले होतात. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणारा शेतकरी बंदूक मागतो तेव्हा त्याला हसू नये. पण त्याला एक सांगायला हवे की १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. बंदुकीचा परवाना असला तरी बिबट्या मारण्याचा परवाना त्यात येत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना तो मारला गेला तर गुन्हा नाही, एवढी सवलत आहे. आणि उसात मागून झडप घालणाऱ्या जनावरापुढे ठासणीची बंदूक भरायला वेळ कुठला? दिवसा वीज मिळाली तर या शेतकऱ्याची निम्मी मागणी आपोआप कमी होईल, असे मला वाटते. डुकरांसाठी मात्र बंदुकीचा आवाज उपयोगी पडतो, आणि ती नाकारली की लोक कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. अशा तारेने शेजारचा माणूसही मरतो. ठासणीच्या बंदुकीने खून होण्यापेक्षा हे कितीतरी जास्त घडते, हे कोणत्याही ग्रामीण पोलीस ठाण्यात विचारा.

खेळाडूचे प्रकरण मला सर्वांत स्वच्छ वाटते. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नेमबाजी शिकला तो क्रीडा प्रबोधिनीतून, नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या रेंजवर. डॉ. मुंज्यांनी १९३७ मध्ये ही शाळा काढली ती मुलांना लष्करी शिक्षण देण्यासाठी. तिच्या रेंजवर पुढे ऑलिंपिकचे पदक घडावे, हा इतिहासाचा गमतीदार वळसा आहे. शस्त्र बाळगायला एकवीस वर्षे लागतात, पण प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बारा वर्षांचे मूलही सराव करू शकते. नामांकित नेमबाजाला सामान्य माणसापेक्षा जास्त शस्त्रे ठेवता येतात, आयातही करता येते. एवढ्या सवलती असून कोणाला भीती का वाटत नाही? कारण त्याच्या कारणाचा पुरावा दर वर्षी गुणपत्रिकेवर येतो. स्पर्धेत उतरला नाही, रायफल क्लबचा सक्रिय सदस्य राहिला नाही, तर कारण संपले हे कागदावर दिसते. भीतीच्या परवान्याला अशी गुणपत्रिका नाही.

इथे एक कारण असे आहे की ते यादीत येतच नाही, पण कायद्यात आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांत, अत्याचारप्रवण भागात राज्य सरकारने काय करावे याची यादी आहे. गरज वाटली तर त्या भागातल्या दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्र परवाने तपासून रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि आवश्यक असल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यावेत, असे ती म्हणते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा ज्या जिल्ह्यात झाली तिथे तरी ही तरतूद कार्यकर्त्यांना पाठ असायला हवी. तिचा दुसरा भाग, म्हणजे दलितांना बंदूक, भाषणात टाळ्या घेतो. माझा भरवसा पहिल्या भागावर आहे. गावात ज्याच्याकडे जमीन, ट्रॅक्टर आणि पाच भाऊ आहेत त्याच्या एका बंदुकीसमोर मजुराने दुसरी बंदूक विकत घ्यायची, तर ती कशी? दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर जानेवारी २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणले, त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारू नका, असे कलम १४ सांगते. दुकानदाराला ते लागू नाही. ऐंशीच्या दशकापासून आयात बंद असल्याने जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव तर फ्लॅटच्या आगाऊ रकमेच्या पुढे जातात.

या सगळ्यावर नेहमीचा आक्षेप असा की गुन्हे परवान्याच्या शस्त्राने होतच नाहीत; होतात ते गावठी कट्ट्याने. हे बऱ्याच अंशी खरे आहे. देशातले बंदुकीचे बहुतांश खून बेकायदा शस्त्रांनी होतात. नाशिकला कट्टा येतो तो मुख्यतः मध्य प्रदेशच्या सीमेवरून. चोपड्यापलीकडचे उमर्टी, सेंधवा-बडवानीचा पट्टा, तिथून शिरपूर, धुळे, मालेगाव. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड घडवणाऱ्या सिकलगरांच्या काही वस्त्यांत हा धंदा रुजला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे गेलेल्या चोपडा पोलिसांच्या एका शिपायाला गावकऱ्यांनीच ओढून नेले आणि मध्य प्रदेश पोलिसांना त्याची सुटका करावी लागली, यावरून तिथल्या धाकाची कल्पना येते. तरी नाशिकच्या गल्लीत दहशत आजही जास्त करून कोयत्याची आहे. कट्ट्याला पैसे लागतात आणि तो फुटून स्वतःचाच हात जाण्याची भीती असते.

पण कट्टे आहेत म्हणून परवाने सैल करा, हे तर्काला धरून नाही. गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यातले पावणेतेरा लाख एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात साधारण ८४ हजार. परवान्यांचा पूर असलेल्या उत्तर प्रदेशात कट्टे कमी झाले, असे तिथला कोणी म्हणेल का? ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ने २०१८ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सात कोटींवर बंदुका होत्या आणि त्यातल्या एक कोटीच्या आतच नोंदलेल्या. शंभर माणसांमागे पाचेक. अमेरिकेत शंभरामागे एकशेवीस, आणि तिथल्या बंदुकीच्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात शस्त्र असले की सर्वांत जवळचा धोका घरातल्यांनाच, हे आपल्याकडे कोणी अर्जदाराला सांगत नाही.

जगाने कारणाच्या प्रश्नाची उत्तरे उलटसुलट दिली आहेत. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल बाळगून फिरायला विशेष कारण दाखवावे लागे. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अटच रद्द केली, कारण हक्काला कारण लागत नाही. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला पस्तीस माणसे मारली गेल्यावर उलट केले: शेती, खेळ, शिकार चालेल, पण ‘स्वसंरक्षण’ हे कारण मुळीच चालणार नाही. सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये पिस्तुलांवर बंदी घातली. आपल्याकडे अगदी जवळ, कर्नाटकातल्या कोडगूत, कोडव समाजाला आणि वंशपरंपरागत ‘जम्मा’ जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातूनच सूट आहे. ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती उचलून धरली. तिथे बंदूक पूजेला लागते आणि गुन्ह्यात क्वचित दिसते. मात्र एका डोंगरी समाजाचा संयम कायद्याच्या नकलेने नाशिकच्या जमीनदलालांत उतरेल, अशी आशा मी धरणार नाही.

ऑस्ट्रेलियाइतके पुढे जावे असेही मी म्हणत नाही. जिथे पोलीस यायला तास लागतो तिथे भीतीला ‘कारण नाही’ म्हणणे क्रूरपणा होईल. पण भीती हे कारण मुदतीचे असावे. आपण नेमके उलट केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली, त्याचा गाजावाजा झाला. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, त्याकडे लक्ष गेले नाही. मला तिसरी बंदूक चालली असती, चौथे-पाचवे वर्ष नको होते. धमकीच्या कारणावर पिस्तूल दिले तर दर वर्षी विचारावे की धमकी देणारा आज कुठे आहे. तो तुरुंगात असेल, वारला असेल, किंवा अर्जदाराचा भागीदार झाला असेल, तर शस्त्र परत. शेतीचा परवाना सातबारा आणि पिकाशी बांधलेला असावा, रक्षकाचा त्याच्या नेमणुकीशी. नूतनीकरणाला फक्त शुल्काची पावती आणि ‘गुन्हा नाही’ असा शेरा पुरेसा नसावा.

आणि वारसाहक्काचे काय ते एकदा ठरवावे. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. आजोबांनी दरोड्यांच्या काळात मळ्यातल्या घरासाठी घेतलेली दोननळी बंदूक नातवाच्या गंगापूर रोडवरच्या नवव्या मजल्यावर येते ती याच वाटेने. मळा विकला गेलेला असतो, दरोडेखोर इतिहासजमा झालेले असतात. नातवाला ती आजोबांची आठवण म्हणून हवी असेल, तर नळी कायमची बंद करून, तसा दाखला घेऊन त्याने ती भिंतीवर लावावी. चालणारी बंदूक हवी असेल, तर एकविसाव्या वर्षाच्या कोणत्याही नव्या अर्जदारासारखे रांगेत उभे राहून, स्वतःचे कारण लिहून द्यावे.